चिठ्ठी कोणाची? : मुलांच्या मनोवैद्यकाचा आणि पालकांच्या पायपिटीचा इतिहास



वसंत ऋतूतील या व्याख्यानमालेत इतिहासावर बोलावयाचे म्हटले म्हणजे श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे लढाया, तहनामे आणि राजधान्या उभ्या राहतात. आज मी ज्या इतिहासाकडे आपले लक्ष वेधणार आहे, त्यात तलवार नाही आणि सिंहासनही नाही. त्यात आहे एक आई. तिचा सात-आठ वर्षांचा मुलगा इतर मुलांसारखा नाही. तो बोलत नाही, किंवा फार बोलतो. रात्र रात्र झोपत नाही. वर्गात बसत नाही. एकाएकी संतापतो आणि मग तासच्या तास गप्प राहतो. मास्तर म्हणतात, "याला कोणाला तरी दाखवा." घरची म्हातारी माणसे म्हणतात, "वयाबरोबर जाईल." शेजारी काही म्हणत नाहीत, ते फक्त पाहतात. आणि त्या आईच्या मनात एकच प्रश्न घोळत असतो : याला न्यावे तरी कोठे?

हा प्रश्न घरगुती वाटतो. परंतु त्याला सव्वाशे वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे. आजारी मूल कोणाकडे न्यावयाचे, तेथे जाण्यासाठी कोणाची चिठ्ठी लागावयाची, आणि ती चिठ्ठी मागण्याचा अधिकार आईबापांना आहे की नाही, या गोष्टी वेळोवेळी कोणी तरी ठरविल्या आहेत. त्या कोणी ठरविल्या आणि कशा बदलल्या, हे पाहणे हाच आजचा विषय होय.

प्रारंभ आपल्या देशापासूनच करू. इंग्रजी अमदानीत 1858 साली वेड्यांच्या इस्पितळांविषयी कायदा झाला आणि पुढे 1912 साली 'इंडियन ल्यूनसी ॲक्ट' आला. या कायद्याची रीत अशी की, नातेवाइकाने मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करावयाचा, त्याला दोन डॉक्टरांचे दाखले जोडावयाचे आणि मग मॅजिस्ट्रेटने हुकूम द्यावयाचा. म्हणजे रोग्याला वैद्याकडे नेण्याचा रस्ता कचेरीतून जात असे. माणूस आजारी आहे म्हणून त्याला बरे करावे, यापेक्षा तो धोकादायक आहे म्हणून त्याला आत ठेवावे, हा विचार त्या कायद्यात प्रबळ होता. ठाण्याचे मनोरुग्णालय 1901 सालचे; त्याच्या भिंतींची उंची पाहिली म्हणजे तो काळ समजतो. अशा व्यवस्थेत लहान मुलाचा स्वतंत्र विचार कोठून असणार? ज्या मुलाचे मन दुखावले आहे आणि ज्याची बुद्धी जन्मतःच मंद आहे, त्या दोघांतील भेदही सामान्य माणसाला माहीत नव्हता आणि पुष्कळदा सरकारलाही नव्हता. दोघांनाही एकच शब्द लावला जाई. तो शब्द आपण सर्व जाणतो. मी तो येथे उच्चारीत नाही.

अशा स्थितीत आईबाप काय करीत? मूल घरातच ठेवीत. पाहुणे आले की आतल्या खोलीत बसवीत. देवऋष्याकडे नेत, नवस बोलत, दर्ग्यावर धागा बांधीत. आपण सुशिक्षित मंडळी त्याला अडाणीपणा म्हणून मोकळे होतो. परंतु एक गोष्ट विसरू नये. देवऋष्याचे दार उघडे होते. तेथे मॅजिस्ट्रेटचा हुकूम लागत नव्हता, दोन दाखले लागत नव्हते. आणि तो निदान आईचे सगळे बोलणे ऐकून घेत होता. तिला जे औषध मिळे ते चुकीचे होते, तथापि तिची गरज चुकीची नव्हती.

आता आपण सातासमुद्रापलीकडे जाऊ. कारण या विषयाची नवी पायवाट प्रथम तेथे पडली. 1896 साली अमेरिकेत फिलाडेल्फिया येथील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात लाइटनर विटमर या मानसशास्त्रज्ञाकडे एक शिक्षिका चौदा वर्षांच्या मुलाला घेऊन आली. मुलगा एरवी हुशार, पण त्याला शब्दांची अक्षरे काही केल्या लागत नव्हती. मानसशास्त्र जर खरे शास्त्र असेल तर ते या मुलाच्या उपयोगी पडले पाहिजे, असा तिचा साधा आग्रह होता. त्या आग्रहातून मुलांसाठी जगातले पहिले मानसशास्त्रीय चिकित्सालय निघाले. लक्षात घ्या, मुलाला घेऊन आली ती शाळा.

त्यानंतर पाळी आली न्यायालयाची. 1899 मध्ये शिकागो शहरात मुलांसाठी वेगळे न्यायालय सुरू झाले. ते जगातील पहिले बालन्यायालय समजले जाते. चोरी करणारी, घरातून पळून जाणारी मुले तेथे येऊ लागली. न्यायाधीशांना प्रश्न पडला की, हे मूल असे का वागते? शिक्षा देण्यापूर्वी कारण तर समजले पाहिजे. म्हणून 1909 साली त्या न्यायालयाच्या जोडीला एक संस्था निघाली आणि विल्यम हीली हे डॉक्टर तिचे प्रमुख झाले. जेन ॲडम्स यांच्या हल हाउसमधील समाजसेविकांचा आणि शहरातील काही दानशूर स्त्रियांचा या कामाला पाठिंबा होता. हीली यांनी पाच वर्षे एकेक मूल तपासले, त्याची हकीकत त्याच्याच तोंडून ऐकली आणि 1915 साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. गुन्हेगारी रक्तात असते किंवा कवटीच्या आकारात दिसते, असे सांगणाऱ्या पंडितांचा तो काळ. हीली यांनी सांगितले की, एकच कारण कधी नसते. प्रत्येक मुलाची कारणे वेगळी असतात आणि ती शोधावी लागतात. आज ही गोष्ट साधी वाटते. त्या वेळी ती क्रांती होती.

परंतु या दोन्ही ठिकाणी एक उणीव होती. चिठ्ठी देई शिक्षक नाही तर न्यायाधीश. आईबापांना बोलावले जाई ते माहिती द्यावयास, किंबहुना जबाब द्यावयास. "माझ्या मुलाला मदत करा" म्हणून आपण होऊन आलेली आई तेथे क्वचितच दिसे. मुलाने गुन्हा केल्याशिवाय त्याला डॉक्टर मिळत नसेल, तर कोणते आईबाप त्या दाराशी जातील?

ही उणीव दूर होण्यास कारण झाला कॉमनवेल्थ फंड. या धर्मादाय निधीने 1922 पासून सेंट लुईस, डल्लास, लॉस एंजेलिस, क्लीव्हलंड इत्यादी शहरांत नमुन्यादाखल चिकित्सालये काढली. सेंट लुईसचे पहिले चिकित्सालय बालन्यायालयाला जोडलेले होते. पुढच्या शहरांत मात्र ही मंडळी न्यायालयापासून दूर सरकली आणि शाळा, दवाखाने व घरे यांच्याकडे वळली. यालाच 'चाइल्ड गायडन्स' किंवा बालमार्गदर्शन असे नाव पडले. मनोवैद्य, मानसशास्त्रज्ञ आणि समाजसेविका असे तिघे मिळून एका मुलाचा विचार करीत. मनोवैद्याने मुलाशी बोलावयाचे, मानसशास्त्रज्ञाने त्याची बुद्धी तपासावयाची आणि समाजसेविकेने घरी जाऊन आईशी बोलावयाचे, अशी कामाची वाटणी होती. थोड्याच वर्षांत न्यायालयाकडून येणारी मुले कमी झाली आणि आईबापांनी स्वतः आणलेली मुले वाढली. पोलिसाच्या हाताला धरून येणारे मूल आता आईचे बोट धरून येऊ लागले. या इतिहासातील हे पहिले मोठे वळण होय.

इंग्लंडातही हा विचार पोहोचला. 1927 मध्ये पूर्व लंडनमध्ये इमॅन्युएल मिलर यांनी असे चिकित्सालय सुरू केले आणि 1929 मध्ये कॉमनवेल्थ फंडाच्या साहाय्याने लंडनचे दुसरे मोठे केंद्र निघाले. आणि आपणांस अभिमान वाटावा अशी गोष्ट ही की, मुंबई फार मागे राहिली नाही. 1936 साली मुंबईत सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजसेवेचे शिक्षण देणारी शाळा सुरू झाली. अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅनशार्ट हे तिचे पहिले संचालक. हीच पुढे टाटा समाजविज्ञान संस्था झाली. तिच्या विद्यमाने 1937 मध्ये बालमार्गदर्शन केंद्र निघाले. भारतातील अशा प्रकारचे पहिले केंद्र म्हणून त्याचा उल्लेख होतो. सुमारे त्याच वेळी, म्हणजे 1938 साली, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. मसानी यांनी मनोविकारांचा बाह्यरुग्ण विभाग सुरू केला. कलकत्त्यास गिरींद्रशेखर बोस यांनी तो 1933 मध्येच केला होता. बाह्यरुग्ण विभाग हा शब्द रूक्ष आहे, पण त्याचा अर्थ मोठा आहे. मॅजिस्ट्रेटच्या हुकमाशिवाय, सर्दी-खोकल्याच्या रोग्याप्रमाणे केसपेपर काढून, मनाचे दुखणे दाखविता येऊ लागले, हा तो अर्थ. आणि त्याच काळात ताराबाई मोडक व गिजुभाई बधेका यांच्या नूतन बालशिक्षण संघाने, जो 1926 साली स्थापन झाला, मुलालाही मन असते आणि ते मारून घडत नाही, हा विचार आपल्या घराघरांत नेण्यास आरंभ केला होता. वैद्यकाचे दार उघडावयाचे असेल तर आधी आईबापांची दृष्टी उघडावी लागते. ताराबाईंनी ते काम केले.

दार उघडले म्हणजे सारे झाले असे मात्र नाही. दारातून आत गेल्यावर आईबापांची काय गत झाली, हा या कथेतील सर्वांत करुण भाग आहे. आणि तो समजण्यासाठी एका पित्याचे पत्र आठवले पाहिजे.

अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात फॉरेस्ट नावाचे लहानसे गाव आहे. तेथील वकील बीमन ट्रिपलेट यांचा मुलगा डोनाल्ड. हा मुलगा आईकडे पाहत नसे, हाक मारली तर वळत नसे, पण गाणी बिनचूक म्हणे आणि वस्तू गरगर फिरविण्यात तास घालवी. 1937 साली, चौथे वर्ष पुरे होण्याच्या सुमारास, हवापालट म्हणून त्याला क्षयप्रतिबंधक संस्थेत ठेवण्यात आले. वर्षाने आईबाप त्याला घरी नेऊ लागले, तेव्हा तेथील प्रमुखाने सांगितले की, मुलगा येथे ठीक आहे. त्याच्या वाटेला जाऊ नका. आईबापांनी ऐकले नाही. 1938 साली वडिलांनी बाल्टिमोरचे डॉ. लिओ कॅनर यांना मुलाची सबंध हकीकत कळविणारे तेहेतीस पानांचे पत्र पाठविले आणि ऑक्टोबरात मुलाला त्यांच्यापुढे उभे केले.

तेहेतीस पाने! एवढे कोणी कशाला लिहितो? आपल्या मुलाला आपल्याइतके कोणीही पाहिलेले नाही, आणि जे पाहिले ते सांगितल्यावाचून डॉक्टरला समजणार नाही, हे ज्याला कळते तोच लिहितो. 1943 साली कॅनर यांनी अकरा मुलांवरील आपला प्रसिद्ध निबंध छापला आणि 'ऑटिझम', म्हणजे स्वमग्नता, हे निदान जगापुढे मांडले. त्यातील पहिले मूल डोनाल्ड होते, आणि त्याच्या हकीकतीचा मोठा भाग वडिलांच्या त्या पत्रावरच उभा आहे. वैद्यकाच्या इतिहासात एका पालकाच्या पत्राला एवढे मोल क्वचितच आले असेल. तो मुलगा पुढे 1958 साली पदवीधर झाला, गावच्या बँकेत नोकरीस लागला, मोटार चालवू लागला, देशोदेशी एकट्याने हिंडला आणि 2023 साली एकोणनव्वदाव्या वर्षी वारला.

परंतु त्याच निबंधात कॅनर यांनी आईबापांच्या थंड स्वभावाचाही उल्लेख केला होता. पुढे त्या उल्लेखाची आग झाली. ब्रुनो बेटलहाइम यांच्यासारख्यांनी, विशेषतः त्यांच्या 1967 सालच्या पुस्तकाने, मुलाच्या विकाराचा दोष आईच्या माथी मारला. चोर सोडून संन्याशाला सुळी, अशातला हा प्रकार. समाजसेविका जी घरी येई, ती आता आईला मदत करावयास येते की तिची झडती घ्यावयास, असा प्रश्न पडू लागला. जिने मुलासाठी चिठ्ठी मागितली, तिच्याच हातात आरोपपत्र दिले गेले. किती स्त्रियांनी या भीतीने पुन्हा दवाखान्याची पायरी चढली नसेल, याची गणती कोणी ठेवलेली नाही.

या अन्यायाचे उत्तरही आईबापांनीच दिले. इंग्लंडात 1946 मध्ये ज्युडी फ्राइड या मातेने मतिमंद मुलांच्या पालकांची संघटना उभी केली. 1962 मध्ये लंडनमध्ये स्वमग्न मुलांच्या पालकांनी संस्था काढली. तिच्या संस्थापकांतील लोर्ना विंग या स्वतः मनोवैद्य होत्या आणि आईही. अमेरिकेत बर्नार्ड रिमलंड हे नौदलाच्या नोकरीतील मानसशास्त्रज्ञ. त्यांचा स्वतःचा मुलगा स्वमग्न होता. त्यांनी 1964 साली ग्रंथ लिहून दाखवून दिले की, आईच्या मायेच्या अभावाचा सिद्धांत पुराव्यावर टिकत नाही. विकाराचे मूळ मेंदूच्या घडणीत आहे. दुसऱ्याच वर्षी त्यांनी आणि इतर पालकांनी राष्ट्रीय संस्था स्थापन केली. आणि 1969 साली त्या संस्थेच्या सभेत वृद्ध कॅनर उभे राहिले आणि त्यांनी पालकांना जाहीरपणे दोषमुक्त केले. आरोप ठेवावयास एक वाक्य पुरले होते. तो मागे घ्यावयास पंचवीस वर्षांहून अधिक काळ लागला.

आपल्याकडील आईबापांची कामगिरीही लहान नाही. मुंबईत 1944 साली जय आणि होरमसजी वकील या दांपत्याने आपल्या मुलीसाठी घरातच शाळा सुरू केली. ती आज जय वकील संस्था म्हणून विख्यात आहे. नाशिकला रजनीताई लिमये यांनी, ज्या स्वतः शिक्षिका आणि अशा एका मुलाच्या आई होत्या, 1977 मध्ये प्रबोधिनी विद्यामंदिर काढले. दिल्लीत 1991 साली मेरी बरुआ या मातेने 'ॲक्शन फॉर ऑटिझम' ही संस्था उभारली. कोणी चिठ्ठी देईना, तेव्हा या मंडळींनी नवे दारच बांधले. परंतु प्रत्येक आईने आपल्या मुलासाठी संस्था काढावी, अशी अपेक्षा करणे म्हणजे तहानलेल्याला विहीर खणावयास सांगणे होय.

येथे सरकारची जबाबदारी सुरू होते. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, 1946 साली, भोर समितीने सांगितले होते की, एवढ्या प्रचंड देशात मनोरुग्णांसाठी खाटा आहेत सुमारे दहा हजार. 1982 मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आला आणि 1996 पासून जिल्हा कार्यक्रम सुरू झाला. त्याच 1996 मध्ये महाराष्ट्र शासनाने वाचन-लेखनाची विशेष अडचण असलेल्या विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती दिल्या. या बाबतीत आपले राज्य अग्रेसर होते. विटमरपुढे उभ्या राहिलेल्या त्या मुलाला आपल्याकडे न्याय मिळावयास बरोबर शंभर वर्षे लागली! शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयासारख्या ठिकाणी त्या दाखल्यासाठी पालकांची रीघ लागू लागली. 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांत आणि शाळांत जाऊन मुले तपासतात आणि गरज दिसली तर जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवितात. 2022 पासून 14416 या क्रमांकावर दूरध्वनीने सल्ला मिळतो.

कायदाही पालटला. 1912 चा कायदा जाऊन 1987 चा आला, आणि तोही जाऊन 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आला, जो 2018 मध्ये अमलात आला. या कायद्याने मानसिक उपचार हा प्रत्येकाचा हक्क मानला आहे आणि मुलांसाठीच्या सेवेचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे. अल्पवयीन मुलाला रुग्णालयात ठेवावयाचे तर त्याला प्रौढांपासून वेगळे ठेवले पाहिजे, आणि पालकाने किंवा त्याने नेमलेल्या माणसाने सारा वेळ त्याच्याजवळ राहिले पाहिजे, असा नियम आहे. ट्रिपलेट दांपत्याला 'मुलाच्या वाटेला जाऊ नका' असे सांगणारा काळ आणि 'मुलाजवळ राहा' असे सांगणारा हा काळ, यांतील अंतर केवढे आहे पाहा!

मग अडते कोठे? कागदावर हक्क आहे; पण देशात लाख लोकसंख्येमागे एक मनोवैद्यही येत नाही, आणि जे आहेत ते बहुतेक शहरांत. त्यांतही मुलांचे वेगळे शिक्षण घेतलेले अगदी थोडे. 2015-16 च्या राष्ट्रीय पाहणीत 13 ते 17 वर्षांच्या मुलांपैकी सुमारे 7.3 टक्के मुलांना मानसिक विकार आढळला. पन्नास मुलांचा एक वर्ग धरला तर त्यात तीन-चार मुले झाली. दुसरी अडचण अशी की, कायद्याने बुद्धीची मंदता आणि मनाचा आजार यांत भेद केला, हे योग्यच झाले. परंतु एकाच मुलात दोन्ही असतात, तेव्हा या खिडकीवरून त्या खिडकीवर पाठविणे सुरू होते. गावचा डॉक्टर तालुक्याला, तालुक्याचा जिल्ह्याला आणि जिल्ह्याचा मुंबई-पुण्याला चिठ्ठी देतो. प्रत्येक चिठ्ठीमागे एका दिवसाची मजुरी बुडते, एस.टी.चे भाडे जाते, आणि बसच्या गर्दीत बिथरलेल्या मुलाकडे पाहणाऱ्या पन्नास नजरा झेलाव्या लागतात. चौथ्या फेरीला जी आई येत नाही, तिला आपण बेफिकीर म्हणतो. वस्तुतः ती थकलेली असते.

या सबंध इतिहासातून मला तीन बोध दिसतात. पहिला असा की, मुलाच्या मनाची काळजी घेण्याची वाट जोपर्यंत कचेरीतून जाते तोपर्यंत लोक ती टाळतात. ती घराजवळच्या दवाखान्यातून गेली की लोक आपण होऊन येतात. सेंट लुईसने हे 1922 नंतर शिकविले आणि आपल्या बाह्यरुग्ण विभागांनी तेच सिद्ध केले. दुसरा असा की, आईबापांचे बोलणे हा निदानाचा अर्धा भाग आहे. तेहेतीस पाने वाचणारा डॉक्टर मिळाला म्हणून एक विकार जगाला कळला. आपल्या गर्दीच्या दवाखान्यात निदान तीन मिनिटांऐवजी तीस मिनिटे तरी आईला मिळाली पाहिजेत. तिसरा असा की, दोष शोधणे आणि कारण शोधणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कारण शोधणारा मुलाकडे पाहतो, दोष शोधणारा आईकडे बोट दाखवितो. दुसऱ्या प्रकाराने एकही मूल बरे झालेले नाही.

आणि जे काम सरकारचे नाही, ते आपले आहे. शेजारच्या घरातील ते मूल गच्चीवर आले तर आपल्या मुलांना आत बोलवू नये. आई मुलाला डॉक्टरकडे नेते म्हणून कुजबूज करू नये. शक्य असेल तर एखाद्या दिवशी तिच्याबरोबर जावे आणि केसपेपरच्या रांगेत तिच्या वतीने उभे राहावे. एवढ्याने मनोवैद्यांची संख्या वाढणार नाही; पण चौथी फेरी होईल.

मुलासाठी पहिली चिठ्ठी शाळेने दिली, दुसरी न्यायालयाने आणि तिसरी डॉक्टरने. परंतु या प्रत्येक चिठ्ठीच्या आधी, न लिहिलेली अशी एक चिठ्ठी आईच्या मनात असते. तीवर एकच ओळ असते : माझे मूल असे का आहे, ते मला कोणी समजावून सांगा. ती वाचणारा कोणी तरी असावा, एवढ्यासाठी हा सारा इतिहास घडला आहे. आणि ती वाचणारा प्रत्येक तालुक्याला मिळेल, त्या दिवशी तो पुरा होईल.